सक्करदऱ्याची कढईमाता

सक्करदरा तलावाच्या काठावरील पटांगणात त्या वर्षी दर मंगळवारी जो जनसमुदाय लोटत असे, तो पाहून एखाद्यास वाटावे की, येथे आकाशातून अमृताची धारच लागलेली आहे. इतवारीतील हातगाडीवाले आपल्या गाड्या तशाच टाकून येत. महाल भागातील दुकानदार सायकल-रिक्षांत बायकामुले कोंबून आणत. उमरेडच्या रस्त्याने खेड्यापाड्यांच्या बैलगाड्या येत. आणि एवढ्या सगळ्यांची दृष्टी एकाच वस्तूवर खिळलेली असे. ती वस्तू म्हणजे धगधगत्या चुलीवर चढविलेली अजस्र लोखंडी कढई. तीत तेल उकळत असे आणि त्या तेलात उडदाचे वडे फुगून तांबूस होत असत.

कढईच्या बाजूला, लाऊडस्पीकरचा माइक ओठांना चिकटवून, भैय्याजी महाराज उभे असत. अंगात भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि जिभेवर हिंदी व मराठी यांची अशी खिचडी, की त्यात मीठ किती आणि खडे किती हे कुणास कळू नये.

"देखो भक्तों, ध्यान से देखो! तेल इतवारीचं आहे, जळण लाकडाच्या टालाचं आहे, अन् हात माताजीचा आहे! ज्या कोण्या सायन्सवाल्याले शंका असल त्यानं समोर यावं, आपलं बोट बुडवावं, अन् उरलेला हात घरी घेऊन जावं! आपल्यासाठी हे तेल आहे. माताजीसाठी? दूध आहे, दूध! ठंडा दूध! बोलो कढईमाता की...!"

"जय!" पटांगण हादरे.

मग कढईमाता येई. वय अठ्ठावीस-एकोणतीस, लाल लुगडे, कपाळभर कुंकू. चाल किंचित ताठर व अडखळती. भक्तांनी तिला देवीची डुलती चाल असे नाव दिलेले होते. मान एका बाजूस कललेली. तिला ते देवीची करुणादृष्टी म्हणत. उजव्या करंगळीवर नक्षीदार चांदीचे टोपण. भैय्याजी तिच्या हातांवर तीर्थ ओतीत, त्यावर हळद आणि बेसन यांचा ओला लेप माखीत, आणि मग ती बाई उकळत्या तेलातून वडा उचलून बाहेर काढी. तोंडावर सुरकुती नाही, ओठांतून 'हाय' नाही. एक वडा, दुसरा वडा. भैय्याजी ते पत्रावळीवर झेलीत आणि लगेच तिचे दोन्ही हात लाल चुनरीत गुंडाळून टाकीत.

"पाह्यलं काय गा, चंपतराव? डोळा बी नाई लवला!"

"लवल कसा? थे बाई थोडीच आहे!"

"माही बायको तव्यावरची पोळी पलटवताना बोंबलते."

"तुही बायको तुले पाहूनच बोंबलते, गा. त्यात तव्याचा काय दोष!"

लोक हसत होते, रडत होते, लोटांगणे घालीत होते. त्या गर्दीत एका मंगळवारी एक स्त्री ओठ दाताखाली धरून उभी होती. तिचे नाव सिंधूताई. महालातील नगरपालिकेच्या शाळेत ती शिक्षिका होती, आणि ज्या बाईचा जयजयकार चालला होता, ती गोपिका तिची सख्खी धाकटी बहीण होती.

सिंधूताईला टाळी वाजविणे जमले नाही. लहानपणी ही गोपिका निरांजनाचा चटका बसला तरी सारी गल्ली गोळा करीत असे, हे तिला पुरते आठवत होते. मनुष्याच्या अंगी देवत्व यावे, हे क्षणभर मान्य केले तरी कातडी बदलत नाही. मग त्या कातडीला झाले आहे तरी काय? हा प्रश्न तिच्या मनात विंचवाप्रमाणे नांगी उभारून बसला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच तिने बहिणीचे घर गाठले. गोपिकेचा नवरा रुपराव इतवारीत भांड्यांच्या दुकानात नोकरीस होता. घरी सासू बायजाबाई दारातच बसलेली होती. लग्नास इतकी वर्षे होऊन मूल नाही म्हणून जी बायजाबाई सुनेला ताटावरून उठवीत असे, तीच आता सुनेचे पाय धुऊन पाणी पीत होती.

"माताजी आराम करून राहिल्या," बायजाबाई म्हणाली. "भेटायचं असल तर मंगळवारी या."

"मी तिची बहीण आहो, मावशी. माह्याजवळ तिचे फ्रॉकमधले फोटो आहेत," असे म्हणून सिंधूताई आत शिरली आणि तिने दाराला कडी लावली.

गोपिका खाटेवर पडलेली होती. सिंधूताईने काही न विचारता तिच्या हातांची चुनरी सोडली आणि हात उजेडाकडे वळविले. बोटांवर ताजे फोड, फोडांखाली जुने डाग, डागांखाली वाळलेले मांस. अंगठ्याजवळचा गुबगुबीत भाग खोल गेलेला. बोटे पक्ष्याच्या पंजासारखी आत वळलेली.

"हे काय वं, गोपे?"

"भैय्याजी म्हणते, हे फोड नाई. देवीचे मोती आहे. कोणाले दाखवायचे नाई."

"अन् हे टोपण?"

गोपिकेने खिडकीकडे मान फिरविली. "बोटाचं टोक सडलं होतं, ताई. दुखलं नाई म्हणून मले समजलंच नाई. भैय्याजीनं कात्रीनं कापून टाकलं. कापता कापता इचारे, दुखते काय? म्या म्हटलं नाई. थो म्हणे, पाह्य, मंग तू देवीच आहेस. दुसऱ्या दिवशी चांदीचं टोपण आणून देल्लं."

वाचकहो, क्रोध म्हणजे काय हे सिंधूताईला तोपर्यंत ठाऊकच नव्हते असे म्हणावे लागेल. वर्गात मुलांवर चढतो तो नुसता वैताग. क्रोध तिला त्या खोलीत प्रथम भेटला. त्या क्षणापासून तिने मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. बहिणीला वाचवायचे, आणि त्या कात्रीवाल्याला चव्हाट्यावर नागडे करायचे. दोहोंपैकी अगोदर कोणती, याविषयी तिच्या मनाचा निर्णय होत नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माहेरी ओटी भरण्याच्या निमित्ताने तिने गोपिकेला महालात आणले आणि तेथून मेंदू व मणक्याचे शल्यविशारद डॉक्टर उमाठे यांच्यापुढे नेऊन बसविले. डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत बर्फाचे पाणी भरले, दुसरीत वाफाळते पाणी. गोपिकेला डोळे मिटण्यास सांगून त्यांनी आळीपाळीने नळ्या तिच्या हातांस लावल्या.

"ही थंड की गरम?"

"थंडी... नाई, गरम... डॉक्टरसाहेब, दोन्ही सारख्याच आहेत."

मग त्यांनी कापसाचा बोळा फिरविला. तो मात्र तिने प्रत्येक वेळी अचूक ओळखला. सुई टोचली तेव्हा ती म्हणाली, "काईतरी टेकलं." रक्ताचा थेंब आला, तरी ती तेच म्हणाली.

"खोकलल्यावर मानेत कळ येते?"

"येते. भैय्याजी म्हणते, देवी खांद्यावर बसते तवा..."

"देवी नव्हे," डॉक्टर म्हणाले.

पुढे त्यांनी तिच्या पाठीच्या कण्यात औषध सोडून एक्सरे काढले आणि दोघी बहिणींना समोर बसवून समजाविले. "मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. तारांची जुडी असते तसा. तुमच्या मज्जारज्जूच्या ऐन मध्यभागी पाण्याची पोकळी झाली आहे. मेंदूचा खालचा भाग मानेत जरा उतरलेला आहे, त्यामुळे पाण्याची वाट अडते. भाजल्याची आणि दुखल्याची बातमी नेणाऱ्या तारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना नेमक्या या मध्यातून ओलांडतात. पोकळीने त्या तोडल्या. स्पर्शाची बातमी नेणाऱ्या तारा मागच्या बाजूने जातात. त्या शाबूत आहेत. म्हणून वडा हाताला लागतो, पण चटका लागत नाही. हात मात्र भाजतोच. हा दुर्मीळ आजार आहे. याच्यात चमत्कार कुठेही नाही."

"बरं होईल?" सिंधूताईने विचारले.

"गेलेली बोटे परत येणार नाहीत. शस्त्रक्रिया करून अडलेली वाट मोकळी केली, तर पोकळी वाढण्याचे बहुधा थांबेल. नाही केली, तर पाय जातील. वर सरकली, तर गिळणे आणि मग श्वास. वेळ फार नाही. पण नवऱ्याची संमती आणा. त्यावाचून येथे कुणी शस्त्रक्रिया करू देणार नाही."

गोपिका आपल्या हातांकडे पाहत बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, देवी असती तर गरम-थंडं वळखलं असतं न?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

संमतीचा प्रश्न मात्र सरळ नव्हता. रुपराव भित्रा माणूस. तो धावत भैय्याजींकडे गेला. भैय्याजींनी डोळ्यांवरील काळा चष्मासुद्धा न काढता न्याय दिला.

"ऑपरेशन? रुपराव, तुमी देवीवर सुरी चालवणार? मूर्तीले टाकी लागली का मूर्ती खंडित झाली. खंडित मूर्ती देव्हाऱ्यात राहते काय? सांगा बरं. तलावात जाते! माताजीचं अंग चिरलं, तं त्या तुमच्या घरच्या राहणार नाई अन् देवाच्याबी राहणार नाई. समोर नवरात्राची अष्टमी आहे. एवढी कढई होऊन जाऊ द्या, मंग माताजीच आदेश देईल."

"ऐकलं न?" रुपरावाने घरी येऊन हे सांगताच बायजाबाईने सिंधूताईला सुनावले. "देवीचा शब्द येल तवा पाहू. आमच्या घरात डॉक्टरचा शब्द चालत नाई."

सिंधूताई भांडली, रडली, रुपरावाच्या दुकानात जाऊन मालकासमोर त्याला नको नको ते बोलली. रुपराव खाली मान घालून तांब्यांना चिंच लावीत राहिला. शेवटी तिने ठरविले की अष्टमीला भर पटांगणात उभे राहून सर्व काही सांगायचे. डॉक्टर उमाठ्यांनाही तिने येण्यास राजी केले. परंतु भैय्याजींच्या सेवेत दंडांना काळे दोरे बांधलेली आडदांड मंडळी होती. बोलणाऱ्याचा माइकपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निकाल लागणार, हे उघड होते.

तेव्हा गोपिकाच म्हणाली, "ताई, तू काई बोलू नको. तुले ढकलून देतीन. मले कोण ढकलल?"

"म्हंजे?"

"देवीचा शब्द पाहिजे न त्यायले? भेटल."

अष्टमीचा दिवस उजाडला. दुपारी पटांगणात पाय ठेवण्यास जागा उरली नाही. भैय्याजींना त्या दिवशी विशेष स्फुरण चढले होते.

"भक्तों! आज अष्टमी! आज माताजीचा प्रसाद नाकारणारा सात जन्म कुत्र्याच्या जातीत जाईल! आज माताजी जे बोलतीन, तो कायदा! कलेक्टरचा नाई, सरकारचा नाई, माताजीचा कायदा! बोलो कढईमाता की...!"

"जय!"

गोपिका आली. तिचे पाय जड पडत होते. बायजाबाईने तिला धरले होते. भैय्याजींनी तीर्थ ओतले. लेप माखण्यास ते पुढे झाले तोच गोपिकेने केस मोकळे सोडले आणि ती घुमू लागली. असे ती पूर्वी कधीही करीत नसे. लोकांच्या अंगावर काटा आला. भैय्याजीही क्षणभर गोंधळले, परंतु गर्दीचा आनंद पाहून त्यांनी माइक तिच्या तोंडाजवळ नेला.

"आज लेप नाई पाहिजे मले," ती गर्जली. "माह्या मुलांनो, आज मी पुजाऱ्यावर खूष आहो!"

भैय्याजींनी हात जोडले. तिने कढईत हात घातला आणि एक जाड, फुगलेला, तेल गळणारा वडा उचलला.

"पहिला प्रसाद पुजाऱ्याले. हात समोर कर, भैय्याजी."

भैय्याजींनी सवयीने पत्रावळ पुढे केली.

"पान नाई. उजवा हात. उघडा."

"माताजी, मी तं तुमचा पामर सेवक..."

"मी म्हणीन तो कायदा, असं तूच सांगतलं न आत्ता? तेल तं थंडं दूध आहे. हात कर!"

गर्दीतून आवाज उठला. "घ्या महाराज, घ्या! नशीब काढलं!" कुणी म्हणाले, "आमाले भेटलं असतं तं आमी दोन्ही हात केले असते!" मागून चंपतराव ओरडला, "काहून भेऊन राहिले गा? दूध आहे न!" त्यांच्याच दोरेवाल्या सेवकांपैकी एकाने भक्तीच्या भरात त्यांचे मनगट धरून हात पुढे केला. गोपिकेने तो वडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि आपल्या वाकड्या बोटांनी वरून दाबला.

"मेलो! मेलो वं माय! सोड! सोड, बाई, सोड!"

माइक तेथेच असल्यामुळे महाराजांची ही आरती थेट तलावापलीकडे ऐकू गेली. त्यांनी हात झटकला. अष्टमीचा प्रसाद धुळीत पडला. काळा चष्मा त्याच्या पाठोपाठ पडला. महाराज तीर्थाच्या घागरीत कोपरापर्यंत हात बुडवून उड्या मारू लागले.

कुणी हसले नाही. हजार माणसांच्या डोक्यांत एकच गोष्ट हळूहळू उतरत होती. माताजीच्या हातानेही ते तेल थंड होत नव्हते.

गोपिकेने केस मागे सारले आणि साध्या, घरातल्या आवाजात म्हटले, "मी देवी नाई. मी रुपरावची बायको आहो. मले बिमारी आहे." तिने टोपण काढून फेकले आणि हात उंच धरले. "हे माहं बोट. हे यानं कापलं. हे माहे फोड. याले हा मोती म्हणे."

सिंधूताई तोवर पुढे सरसावली होती. सायकलवरून गोळ्याचा बर्फ विकणाऱ्याकडून तिने एक तुकडा घेतला, चहाच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचा गिलास आणला, आणि सर्वांदेखत बहिणीचे डोळे बांधून विचारले. गोपिकेने बर्फाला गरम म्हटले आणि गिलासाला थंड. मग दुसऱ्यांदा उलट. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ताई, समजत नाई मले. खरंच समजत नाई."

तेव्हा डॉक्टर उमाठ्यांनी माइक घेतला. त्यांनी मज्जारज्जू समजाविला, पोकळी समजाविली. ओला लेप आणि पाणी अगोदर लावल्यास वाफेमुळे भाजणे थोडे कमी होते, वडा पृष्ठभागावर तरंगत असल्याने हात खोल जात नाही, आणि उरलेले भाजणे चुनरीखाली झाकले जाते, हेही सांगितले. "ताठर चाल आणि कललेली मान ही या आजाराची लक्षणे आहेत. तुम्ही लक्षणांना नमस्कार करीत होता, आणि रोगी तुमच्यासमोर मरत होता."

बायजाबाईने धुळीतले चांदीचे टोपण उचलले. रुपराव पुढे आला. त्याने बायकोचे हात प्रथमच नीट पाहिले.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "केव्हा भरती करायचं?"

महाराज पळून जाण्याच्या बेतात होते, परंतु ज्यांनी कालपर्यंत त्यांचे पाय चेपले, त्यांनीच आता ते पाय धरून ठेवले. पोलीस येईपर्यंत डॉक्टरांनी वैद्यकीच्या धर्माला जागून त्यांच्या तळहाताला मलम लावले. "हळू लावा साहेब, हळू," महाराज कण्हत होते. शेजारी उभ्या सिंधूताईने अत्यंत आदराने विचारले, "मोती आले काय, महाराज? कोणाले दाखवू नका बरं."

शस्त्रक्रिया दिवाळीपूर्वी झाली. डॉक्टरांनी कवटीच्या तळाशी अडलेली वाट मोकळी केली. खोकलल्यावर येणारी कळ गेली, पाय पुन्हा जमिनीवर नीट पडू लागले. बोटे होती तशीच वाकडी राहिली. चहाचा कप गालाला लावून पाहिल्याखेरीज हाती घ्यायचा नाही, कारण चेहऱ्याची जाणीव शाबूत आहे, हे डॉक्टरांनी तिला शिकविले.

ती दवाखान्यात असतानाच एके दिवशी भैय्याजी जामिनावर सुटून तिच्या खाटेपाशी आले. कफनी नव्हती, साधा पायजमा होता. हाताला पट्टी होती. मागे बायजाबाई उभी होती. त्यांनीच तिला मध्यस्थीस आणले होते.

"बहिनजी, पोलिसातली तक्रार वापस घ्या. माह्याबी हाताले भोगावं लागलं न. आता हिशेब बरोबर झाला. तुमचं मन तं देवीचं आहे..."

"सूनबाई, माफ करून टाक वं," बायजाबाई म्हणाली. "मोठं मन कर."

सिंधूताई उठली होती, पण गोपिकेने तिला थांबविले.

"माहा हात जळे तवा मले समजत नव्हतं," ती म्हणाली. "तुमाले समजत होतं. तुमी कात्री घेऊन बसले होते. हिशेब कसा बरोबर होईल?" आणि मग सासूकडे वळून, "आत्या, यायले बाहीर घेऊन जा. मले झोपायचं आहे."

तक्रार मागे घेतली गेली नाही. भैय्याजी तुरुंगात गेले, आणि या मजकुराच्या लेखकास त्याबद्दल तिळमात्र खेद नाही.

आता वाचकांस हात जोडून एवढेच मागणे आहे. देवाला मानावे की न मानावे, हे ज्याचे त्याने आपल्या घरी ठरवावे. परंतु कुणी उकळत्या तेलात हात घालताना, निखाऱ्यांवर चालताना, अंगात सुया टोचून घेताना दिसला, तर जयजयकार करण्याअगोदर पुढे जा आणि त्याचा हात उलटा करून पाहा. त्याच्यावरील कापड सोडा. फोड आहेत का, बोटे वाळली आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. त्यास दुखत नसेल तर का दुखत नाही, हे विचारा, आणि त्यास दवाखान्यात न्या. जो माणूस तुम्हास हे करू देणार नाही, कापड सोडू नका म्हणेल, त्याचा हात धरून ठेवा आणि पोलिसांना बोलवा.